शकूताईंचं पडवळ

शकूताईंचा मला हेवा वाटायचा. अजूनही वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण एखाद्या माणसाविषयी लिहायला बसलं की आपण फार मोठ्या मनाचे असल्याचा आव आणतो, आणि मला तो जमत नाही. हेवा त्यांच्या घराचा नव्हता, गाडीचा नव्हता, दिनूकाकांसारख्या गरीब स्वभावाच्या नवऱ्याचा तर मुळीच नव्हता. तो होता त्यांच्या मागच्या अंगणातल्या वाफ्यांचा. मिशिगनमधलं आमचं ट्रॉय म्हणजे एप्रिलमध्येही बर्फ पडणारं गाव. ऑक्टोबर आला की पुन्हा कोट बाहेर निघतात. अशा ठिकाणी या बाईच्या मांडवाला हातभर लांब पडवळं लोंबायची. आमची घरं पाठीला पाठ लावून, मध्ये फक्त एक बुटकं कुंपण. म्हणजे सकाळी ओट्यावरचा दिवा लावून मी चहाचं आधण ठेवलं की समोरच्या खिडकीतून पहिलं दर्शन कशाचं, तर शकूताईंच्या मांडवाचं. पडदा ओढला तर स्वयंपाकघरात अंधार व्हायचा, नाही ओढला तर चहा कडू लागायचा.

शकूताई मूळच्या रेवदंड्याच्या. ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, आणि चालताना दोन्ही हात पाठीमागे बांधून चालायच्या, शाळा तपासायला आल्यासारख्या. बागेत त्यांचा पोशाख ठरलेला होता: सलवार, वर दिनूकाकांचा जुना शर्ट आणि डोक्याला टॉवेल. नोकरी त्यांनी जन्मभर एका लॅबमध्ये केली. गाड्यांचा रंग थंडीने तडकतो का, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने सोलवटतो का, हे तपासायचं काम. त्यामुळे दिसेल त्या वस्तूवर अंगठ्याचं नख ओढून बघायची त्यांना सवय लागली होती. आमच्या नव्या डायनिंग टेबलावर त्यांनी पहिल्याच भेटीत नख ओढलं आणि म्हणाल्या, "बरं आहे. पाचसहा वर्षं जाईल." मिलिंद, म्हणजे माझा नवरा, त्यानंतर दोन दिवस त्या टेबलाकडे दुःखाने बघत होता.

आमची ओळख झाली तीच माझ्या फजितीने. आम्ही नवीन राहायला आलो होतो. मी व्हिडिओ बघून बघून लाकडी चौकटींचे वाफे मागवले होते, पोतीच्या पोती माती आणली होती, आणि एप्रिलमध्ये एक छान उबदार आठवडा आला तसं हौसेने सगळं लावून टाकलं. टोमॅटो, मिरच्या, भेंडी, दोडका. शकूताई कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"नवीन का गो तू?"

"हो."

"दिसतंच आहे," म्हणाल्या आणि हात पाठीमागे बांधून निघून गेल्या.

त्याच आठवड्यात थंडी परतली आणि माझी सगळी रोपं शिजवलेल्या पालकासारखी काळी पडली. मी कुंपणापाशी जाऊन तक्रार केली, "शकूताई, सांगायचं तरी होतंत!" त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "सांगून ऐकलं असतंस?" नसतं ऐकलं. पण म्हणून काय माणसाने सांगूच नये? हेव्याची सुरुवात तिथे झाली असावी, कारण त्यांच्या अंगणात तेव्हा एकही रोप नव्हतं आणि तरीही त्या माझ्या पुढे होत्या.

रोपं बाहेर कधी काढायची, हे त्या पायांना विचारून ठरवत. मे महिना अर्धा उलटला की शकूताई रोज सकाळी बूट-मोजे काढून अनवाणी वाफ्यात उभ्या राहत. हवामानाच्या ॲपवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "तो हवेचं सांगतो. मुळं काय हवेत असतात?" असा त्यांचा सवाल. उभं राहून दिनूकाकांशी इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या, आणि पायाची बोटं आपोआप आखडली की "नाही अजून" म्हणून घरात जायच्या. ज्या दिवशी गप्पा संपल्या तरी बोटं सरळ राहत, त्या दिवशी रोपं बाहेर. एका वर्षी मीही तसं करून पाहिलं. मिलिंद कॉफीचा मग घेऊन मागच्या दारच्या लाकडी डेकवर आला आणि म्हणाला, "हे काय चाललंय यार? कुणाला नवस बोललीयेस का?" मला सर्दी झाली. रोपं लावली ती शेवटी ॲप बघूनच, आणि तेही चुकलंच.

ती रोपं तयार कुठे व्हायची, हीसुद्धा एक गंमत होती. मार्च लागला की शकूताईंच्या गेस्टरूममधल्या पलंगावर प्लायवूड पडायचं, त्यावर कागदी पेल्यांतली रोपं आणि वर दिवसभर जळणारे दिवे. दिनूकाकांचे थोरले भाऊ एकदा पुण्याहून ऐन एप्रिलमध्ये आले. शकूताईंनी त्यांचं अगदी प्रेमाने स्वागत केलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला सोफ्यावर अंथरूण घातलंय हं. गेस्टरूममध्ये वांगी आहेत." भाऊजी तीन आठवडे सोफ्यावर झोपले. जाताना मात्र आठवणीने वांग्यांचा निरोप घेऊन गेले, असं दिनूकाका हसत हसत सांगायचे.

आता खरी पोटदुखी सांगते. ऑगस्ट-सप्टेंबरात शकूताईंची भाजी गावभर जायची. सकाळी दार उघडावं तर कडीला पिशवी: कधी दुधी, कधी अळू, कधी कोवळी भेंडी. चिठ्ठी नाही, फोन नाही. आणि एवढं पिकवणाऱ्या या बाईला स्वतःला भाजी आवडत नव्हती! त्यांचं जेवण म्हणजे मासे आणि भात. एकदा त्यांच्याकडे जेवताना मी दुधीची भाजी वाढून घेत होते. त्या तळलेल्या बांगड्याचं शेपूट मोडत म्हणाल्या, "घे गो, घे. मला मेली भाजी कुठे आवडते!" मी घासच गिळायचा विसरले. मी जन्माची शाकाहारी. अंड्याला हात न लावणारी. भाजीवर जीव टाकणारी. आणि माझ्या वाफ्यात काय, तर अंगठ्याएवढी वांगी! देवाकडे दाद मागायची सोय असती तर मी त्याच दिवशी मागितली असती. त्यात आमच्या सईने एकदा जेवताना ताट पुढे सरकवून सांगितलं, "आई, डोंट माइंड, पण शकूमावशीची भाजी टेस्ट्स बेटर." मी माइंड केलं. चांगलं आठवडाभर केलं.

पण खरा सामना असायचा तो ऋषिपंचमीला. गणपतीच्या दुसऱ्या दिवशीची ती भाजी, बैलाच्या कष्टाचं काही न घालता, हाताने लावलेल्या भाज्यांची करायची, म्हणून ट्रॉयमधली आम्ही सगळी मराठी घरं आपापल्या अंगणातलं घेऊन शकूताईंकडे जमायचो. गॅरेजमध्ये शेगडी, तिच्यावर भलंमोठं पातेलं. अळू, लाल माठ, भेंडी, दोडका, मक्याची कणसं, आणि पडवळ. शकूताई स्टुलावर बसून एकेकीची पिशवी तपासायच्या. नख ओढायच्या, मोडून आवाज ऐकायच्या, कच्चा तुकडा चावून थुंकायच्या. पसंत पडलं तर पातेल्यात. नाही पडलं तर पिशवी तुम्हाला परत देऊन गोड आवाजात म्हणायच्या, "हे ना, सांबारात छान लागेल." माझी पिशवी दरवर्षी सांबारात गेली. गणपतीनंतर आमच्या घरी आठवडाभर सांबार असायचं. एकदा, फक्त एकदा त्या पातेल्यात माझ्या अंगणातलं काहीतरी पडावं, एवढीच माझी इच्छा होती. ऐकायला क्षुल्लक वाटेल. पण मी नोकरीत बढती मिळाली नाही तेव्हाही इतकी झुरले नव्हते.

यापुढचा भाग वसुधाकाकूंनी वाचू नये. वसुधाकाकू म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ आणि सगळ्यात सोवळ्या. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचणाऱ्या, वाढदिवसाच्या केकला लांबूनच नमस्कार करणाऱ्या. ऋषीची भाजी तोंडात घालून डोळे मिटून त्या दरवर्षी म्हणत, "किती सात्त्विक चव आहे गं शकू!"

तर एका ऑक्टोबरात, मांडव उतरून वाफे रिकामे झाल्यावर, मी खिडकीतून बघते तो शकूताई मातीत कोपरापर्यंत हात घालून काहीतरी पुरताहेत. बाजूला प्लॅस्टिकची बादली. त्या आत गेल्या तशी मी कुंपणापाशी जाऊन वाकून पाहिलं. बादलीत माशांची डोकी होती. ढीगभर. उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत असलेली.

म्हणजे ते अळू, तो माठ, ते पडवळ, वसुधाकाकूंची ती सात्त्विक चव, सगळं या बादलीतून येत होतं! मी हसावं की किंचाळावं, या विचारात तिथेच उभी राहिले. पूर्ण हिवाळा मी ते गुपित तोंडात खडीसाखर धरावी तसं धरून होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वसुधाकाकू शेजारी बसल्या होत्या आणि शकूताईंच्या उन्हाळ्यातल्या मेथीचं कौतुक करत होत्या. एक वाक्य बोलायचा अवकाश होता. पण मी तिळगूळ खाल्ला आणि गप्प बसले. चांगुलपणाने नव्हे. मला ती डोकी स्वतःला हवी होती.

मे महिन्यात मी मोठ्या एशियन दुकानातल्या मासळीच्या काउंटरवर गेले. नाकाला ओढणी लावलेली. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "फॉर सूप?" मी म्हटलं, "येस, सूप." गाडीच्या चारही काचा खाली करून घरी आले, वाफ्यांत वीतभर खड्डे केले, डोकी पुरली, हात चारदा धुतले. आणि सकाळी सईच्या किंकाळीने जाग आली. रात्री कचरा उपसत फिरणाऱ्या रॅकूननी सगळे वाफे उकरून टाकले होते. ड्राइव्हवेवर, हिरवळीवर, मेलबॉक्सखाली, जिकडे तिकडे डोकी. एक तर थेट स्कूलबसच्या थांब्यापाशी. शेजारच्या बाई गाऊनवरच बाहेर येऊन विचारत होत्या, "डिड समथिंग डाय?" सई म्हणाली, "आई, आय कॅन नेव्हर गो टु स्कूल अगेन," आणि गाडीत बसून राहिली.

मी हातमोजे घालून गोळा करत होते, तेव्हा कुंपणापलीकडे शकूताई येऊन उभ्या राहिल्या. हात पाठीमागे. मला वाटलं, आता विचारणार, तुला हे कुठून कळलं. ते त्यांनी विचारलंच नाही.

"किती खोल पुरलीस?"

मी वीत दाखवली.

"आणि मे महिन्यात?"

"हो."

"अगो अनू, मे महिन्यात पुरली तर ती रॅकूनची. बर्फ पडायच्या आधी पुरायची, कोपर आत जाईल इतकी. वर माती चेपून दगड ठेवायचे. हिवाळाभर मुरू द्यायची. तुला ना, सगळ्याची घाई." मग त्यांनी विचारलं, "वसुधाला बोललीस?"

"नाही."

"का?"

मी खरं तेच सांगितलं. "तुमची भाजी पातेल्यातून बाद झाली असती, तर माझी कुणाच्या तोडीची आली हे कळलं कसं असतं?"

शकूताई फार क्वचित हसायच्या, पण हसल्या की पोट धरून, डोक्यावरचा टॉवेल सुटेपर्यंत. त्या दिवशी टॉवेल सुटला. मग कुंपण ओलांडून आल्या आणि उरलेली डोकी माझ्याबरोबर गोळा करू लागल्या, हातमोजे न घालता.

त्या ऑक्टोबरात मी त्यांनी सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. पुढच्या वर्षी पडवळाचे वेल वर चढले. फळ धरलं तसं शकूताईंनी त्यांच्या पद्धतीने प्रत्येकाच्या टोकाला दोऱ्याने लहानसा दगड बांधायला शिकवलं, म्हणजे ते वेटोळं न होता सरळ वाढतं. त्या वर्षी गणपती उशिरा होते. ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी फ्रॉस्टची वॉर्निंग आली. मी घरातल्या सगळ्या चादरी, अगदी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कोऱ्यासुद्धा, मांडवावर नेऊन टाकल्या. सकाळी चादरी उचलल्या तेव्हा खाली पडवळं सुखरूप होती. हिरवीगार, पांढऱ्या रेघांची, सरळ. मला रडू आलं.

गॅरेजमध्ये शकूताईंनी माझं पडवळ हातात घेतलं. नख ओढलं. मोडलं, त्याचा कडकन आवाज झाला. तुकडा चावला. विळी पुढे ओढली, पडवळ चिरलं आणि पातेल्यात टाकलं.

जेवायला बसल्यावर वसुधाकाकूंनी डोळे मिटले. "शकू, यंदा तुझं पडवळ काय झालंय गं! कमाल!"

मी शकूताईंकडे बघितलं. त्या पातेलं ढवळत म्हणाल्या, "माझं नाही ते. अनूचं आहे."

"हो का?" वसुधाकाकू डोळे उघडून म्हणाल्या. "वाटलं नाही हो."

कुणीतरी फोडणीचं तेल अंगावर उडवावं, तसं झालं मला. इतक्या वर्षांनी पातेल्यात पडले, तर ही गत! तेवढ्यात शकूताईंनी एक वाटी घेतली, पातेल्यातून शोधून शोधून पडवळाचे तुकडे काढले आणि उभ्या उभ्या खाल्ले. ऋषीची भाजी खाताना त्यांना मी तरी कधी पाहिलं नव्हतं. वाटी संपवून त्या म्हणाल्या, "मीठ कमी आहे." मीठ त्यांनीच घातलं होतं.

त्यानंतर दोनच वर्षांनी दिनूकाकांच्या गुडघ्यांनी पायऱ्या चढायला नकार दिला आणि फिनिक्सला मुलीजवळ जायचं ठरलं. तिथे एक कॉन्डो घेतला. अंगण म्हणे दगडांचं, त्यात दोन निवडुंग. बातमी ऐकली तेव्हा आधी काय वाटलं ते सांगू? आनंद झाला. आता गावात पहिली मीच. दुसरा विचार मातीचा आला. त्यांची इतकी वर्षं मुरलेली माती, आणि घर घेणाऱ्या तरुण जोडप्याला कुत्र्यासाठी लॉन लावायचं होतं. मी चार रिकाम्या बादल्या डेकखाली आणून ठेवल्या. मागायचा धीर मात्र होत नव्हता.

ऑक्टोबरात, निघायच्या आदल्या दिवशी दुपारी बघते, तर शकूताई गुडघे टेकून बसलेल्या, हात कोपरापर्यंत मातीत, बाजूला माशांच्या डोक्यांची बादली.

मी कुंपण ओलांडून गेले. "आता कशाला हो शकूताई? ते लोक गवत लावणार आहेत."

"मग गवत खाईल." त्यांनी वर न बघताच विचारलं, "बादल्या कधी आणतेस?"

"कसल्या बादल्या?"

"डेकखालच्या. तुझ्या खिडकीतून मी दिसते, तशी माझ्या खिडकीतून तू दिसत नसशील का?"

शकूताईंनी हात बाहेर काढून झटकला आणि टाचांवर बसल्या.

"तुझा ओट्यावरचा दिवा लागला की मी बाहेर यायची," त्या म्हणाल्या. "मला भाजी आवडत नाही, हे तुला माहीत आहे. यांना मधुमेह, हे घासभर खातात. मग एवढं सगळं मी कुणासाठी लावत होते, असं वाटलं तुला? तू चहा ठेवून तिथे उभी राहायचीस, तोंड वाकडं करून. ते बघितलं की माझा हात चालायचा." मग खूप हळू आवाजात म्हणाल्या, "तिथे कोण बघणार गो?"

मी बादल्या आणल्या. त्यांनी वरची माती बाजूला सारून खालची, काळी, भरून दिली.

यंदा त्या मातीत माझं पडवळ कधी नव्हे इतकं लांब झालं. मांडवावरून जमिनीला टेकायला आलं. सकाळी चहा ठेवून मी बघत उभी राहते. पलीकडचा मुलगा कुत्र्याला घेऊन हिरव्यागार लॉनवर येतो, फोनमध्ये बघत उभा राहतो आणि आत जातो. माझ्या मांडवाकडे त्याने अजून एकदाही पाहिलेलं नाही. फिनिक्सला मी फोटो पाठवला. उत्तर आलं, "दगड लहान बांधलास." मग माझा चहा पुन्हा पहिल्यासारखा कडू झाला, आणि बरं वाटलं.

शकूताईंना शेवटचं पाहिलं ते त्या निघाल्या त्या सकाळी. दिनूकाका गाडीत बसले होते, मुलगी हॉर्न वाजवत होती. शकूताई परत मागच्या अंगणात आल्या. बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले आणि रिकाम्या वाफ्यात अनवाणी उभ्या राहिल्या. माती बर्फासारखी गार असणार. पण त्या हलल्या नाहीत. हात पाठीमागे बांधून सरळ माझ्या खिडकीकडे बघत राहिल्या. बाहेर लख्ख ऊन होतं. मी ओट्यावरचा दिवा लावला.